केसाळ कोळी उपाशी बसतो तेव्हा

मृगाचा पाऊस चांगला पडून गेला की यवतमाळ जिल्ह्यातल्या जंगलकाठच्या गावांत रात्रीच्या दिव्याखाली जत्रा भरते. पंख फुटलेली वाळवी, शेणकिडे, नाकतोडे, त्यांच्यामागे बेडूक आणि बेडकांमागे कधी साप. अशाच एखाद्या रात्री क्वचित ओसरीच्या भिंतीवर तळहाताएवढा, करडा-तपकिरी, केसाळ कोळी येऊन बसतो. पोरं ओरडतात, कुणी झाडू आणायला धावतं आणि बहुतेक वेळा निकाल चपलेने लागतो. मेलेल्या कोळ्याचा फोटो मग ‘विषारी कोळी सापडला’ अशा मजकुरासह गावोगावच्या मोबाइलवर फिरतो.

भिंतीवर आलेला हा पाहुणा बहुधा नर टॅरँटुला असतो. तो माणसाच्या मागे आलेला नसतो, शिकारीलाही निघालेला नसतो. वयात आलेला नर खाणं जवळजवळ सोडून देतो आणि मादीचं बीळ शोधत रात्र रात्र चालतो. त्याच्यापाशी वेळ थोडा असतो. उजेड पडला की तो गोंधळतो, फुंकर बसली की जागच्या जागी थिजतो, आणि काठीने डिवचलं की पुढचे पाय उंच करून उभा राहतो. हा शेवटचा आविर्भाव बघणाऱ्याला हल्ला वाटतो. खरं तर ती माघार घेण्याआधीची शेवटची ताकीद असते.

हाच प्राणी अमेरिका-युरोपात हजारो घरांत काचेच्या पेटीत पाळला जातो. भारतात हा छंद मोजक्यांचा आहे, पण तो आहे. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेलं एक पार्सल उघडलं, तेव्हा चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या छोट्या कुप्यांमधून १०७ जिवंत कोळी निघाले. ते परत पाठवण्यात आले. मारणारा आणि मागवणारा, दोघांचे प्रश्न मात्र सारखेच असतात. हा चावतो का? याला लागतं काय? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, कारण टॅरँटुलाचा स्वभाव आणि त्याची भूक एकाच तत्त्वावर चालतात. शक्ती खर्च करायची नाही, हे ते तत्त्व.

आधी ओळख. इटलीतल्या टारांटो शहराच्या परिसरात एके काळी कोळी चावला की माणसाने बेभान नाचावं, म्हणजे विष उतरतं, अशी समजूत होती. त्या शहरावरून नाव पडलं ते एका वेगळ्याच, लहान लांडगा-कोळ्याला. पुढे युरोपीय खलाशी आणि संग्राहक उष्ण प्रदेशांत पोहोचले आणि तिथल्या मोठ्या केसाळ कोळ्यांनाही तेच नाव चिकटलं. आज शास्त्रज्ञ ज्यांना टॅरँटुला म्हणतात त्या थेराफोसिडी कुळात हजाराहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या भारतीय जाती ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक बिळात राहणाऱ्या, उदाहरणार्थ चिलोब्रॅकिस या प्रजातीतल्या. धुऱ्यावर, नाल्याच्या काठाला, दगडाखाली बीळ असतं, त्याच्या तोंडाशी रेशमाचा पांढुरका अस्तर असतो. दुसऱ्या झाडावर राहणाऱ्या, पोइसिलोथेरिया. मध्य आणि दक्षिण भारताच्या पानझडी जंगलांत, जुन्या झाडांच्या ढोल्यांत आणि सालीमागे त्यांचा मुक्काम असतो. त्यांच्यापैकी ‘रेगॅलिस’ या जातीचं वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये केलं. तिचे पाय पसरले की पंधरा सेंटिमीटरच्या वर भरतात. अंगावर राखाडी-काळी नक्षी असते आणि पुढच्या पायांच्या खालच्या बाजूला झगझगीत पिवळा रंग, जो फक्त धमकावतानाच दिसतो.

आठ डोळे असूनही टॅरँटुलाला धड दिसत नाही. उजेड-अंधार आणि जवळची हालचाल, एवढंच. त्याचं जग केसांतून येतं. पायांवरचे केस जमिनीची थरथर आणि हवेचा झोत टिपतात. रातकिडा चालला तर तो कुठे आणि केवढा आहे हे त्याला पायांतून कळतं. पाळणाऱ्याचा हात पेटीत शिरतो तेव्हा त्याला माणूस दिसत नाही; एक मोठी, ऊबदार, हलणारी गोष्ट वरून येते आहे एवढंच जाणवतं. निसर्गात वरून येणारी मोठी गोष्ट म्हणजे पक्षी, मुंगूस किंवा त्याला लुळा करून आपल्या अळीला खाऊ घालणारी गांधीलमाशी. अशा वेळी त्याच्यापुढे चारच मार्ग असतात. थिजणं, पळणं, धमकावणं आणि सगळ्यात शेवटी चावणं. विष तयार करायला शक्ती लागते आणि ते शिकारीसाठी हवं असतं. म्हणून बचावासाठी घेतलेल्या चाव्यांत काही वेळा विष सोडलेलंच नसतं.

धमकावण्याचे प्रकार मात्र जातीनुसार बदलतात. अमेरिका खंडातले पुष्कळ टॅरँटुला मागच्या पायांनी पोटावरचे बारीक काटेरी केस झाडून हवेत उडवतात. ते त्वचेला खाजवतात आणि डोळ्यांत गेले तर छळतात. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातला एक तरुण आपल्या पाळीव कोळ्याची पेटी साफ करत होता. नजर काचेवरच्या डागावर होती. कोळ्याने केसांचा फवारा त्याच्या चेहऱ्यावर सोडला. डोळा लाल झाला, औषधाने उतरेना, आणि शेवटी तिथल्या नेत्रतज्ज्ञांना भिंगाखाली बुबुळात रुतलेले सूक्ष्म केस दिसले. हे प्रकरण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. भारतीय टॅरँटुलांकडे हे केसांचं शस्त्र नाही. त्यामुळे ते पळण्यावर आणि दातांवर अधिक अवलंबून असतात, आणि पाळणाऱ्यांच्या जगात ‘तापट’ म्हणून बदनाम आहेत. काही चिलोब्रॅकिस तर आवाजही करतात. जबड्याजवळचे राठ केस एकमेकांवर घासून निघणारा हा फसफसाट कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले जेम्स वुड-मेसन यांनी १८७० च्या दशकातच आसामच्या एका कोळ्यावरून नोंदवला होता. सापासारखा फूत्कार ऐकून कोण मागे सरणार नाही?

तापट किंवा शांत हे शब्द आपले. चिलीचा गुलाबी टॅरँटुला ‘गरीब’ समजला जातो, कारण तो बहुधा थिजणं निवडतो. पोइसिलोथेरिया ‘भडक’ समजला जातो, कारण तो विजेसारखा पळतो आणि कोपऱ्यात अडकला तर चावतो. हातावर शांत बसलेल्या कोळ्याचे फोटो काढून ‘याला माझी सवय झाली’ म्हणणाऱ्यांची कमी नाही. त्याला माणसाची सवय होत नाही. तो थिजलेला असतो. आणि या खेळात धोका माणसापेक्षा कोळ्यालाच जास्त. त्याचं पोट पातळ कातड्याच्या फुग्यासारखं असतं. पाय आखडायला स्नायू असतात, पण ते ताणण्याचं बरंचसं काम शरीरातल्या द्रवाच्या दाबावर चालतं. हातावरून तीन-चार फुटांवरून फरशीवर पडला, पोट फाटलं आणि द्रव वाहून गेला, की पाय उघडतच नाहीत. कुणाच्या हातून मांजर पडलं तर ते पायांवर उतरतं. टॅरँटुला मरतो.

आता त्याच्या पोटाकडे वळू. पाळणारे इथेच सर्वांत जास्त चुकतात.

टॅरँटुला चावून खात नाही, तो पितो. भक्ष्य पकडलं की विषदंत रोवतो, जबड्यांनी चिरडत राहतो आणि त्यावर पाचक रस सोडतो. मांस बाहेरच विरघळतं, मग ते पातळ झालेलं अन्न तो शरीरातल्या चोषक पंपाने ओढून घेतो. मोठा नाकतोडा संपवायला काही तास लागतात. शेवटी उरते पंख-पायांच्या चोथ्याची एक सुकी गोळी, जी तो पेटीच्या कोपऱ्यात किंवा पाण्याच्या वाटीत नेऊन टाकतो. ही गोळी उचलली नाही तर दमट पेटीत बुरशी आणि माइट होतात.

पूर्ण वाढलेल्या मादीला आठ-दहा दिवसांतून एखादा मोठा रातकिडा किंवा झुरळ पुरतं. पिल्लांना आठवड्यातून दोनदा, तेही त्यांच्या पोटापेक्षा लहान भक्ष्य. आकाराचा हा साधा नियम मोठ्या कोळ्यालाही लागू आहे. घोण किंवा विंचू कधीच देऊ नये, कारण मग कोण कोणाला खाईल ते सांगता येत नाही. उंदराची पिल्लं, पाली देण्याचा जो सोस काही जणांना असतो, तो मुख्यतः व्हिडिओ काढण्यासाठी. दक्षिण अमेरिकेतला ‘गोलिआथ पक्षीभक्षक’ नावाचा सर्वांत वजनदार कोळीसुद्धा निसर्गात मुख्यतः किडे आणि गांडुळांवर जगतो.

भुकेपेक्षा जास्त भरवणं हा प्रेमाचा प्रकार माणसांत चालतो, इथे नाही. पोट छातीच्या ढालीच्या दीडपटीपर्यंत असलं की कोळी सुखरूप आहे. ते द्राक्षासारखं तट्ट फुगलं की खाणं थांबवायचं, कारण फुगलेलं पोट जमिनीवर घासून किंवा लहानशा पडण्यानेही फाटतं. उलट पोट सुरकुतलं आणि पाय पोटाखाली मुठीसारखे आत वळू लागले, तर तो बहुधा उपाशी नसतो, तहानलेला असतो. उथळ वाटीत स्वच्छ पाणी कायम असावं. इतक्या साध्या गोष्टीवाचून पाळलेले कोळी मरतात.

आणि एक दिवस कोळी खायचा थांबतो. रातकिडा समोरून जातो, अंगावर चढतो, तरी हा ढिम्म. आठवडा जातो, महिना जातो. पाळणारा घाबरतो, किडे बदलतो, चिमट्याने तोंडाशी नेतो. बहुतेक वेळा या उपवासाचा अर्थ एवढाच असतो की कात टाकायची वेळ जवळ आली आहे. कोळ्याचं कवच वाढत नाही. आत नवं तयार करून जुनं टाकावं लागतं, आणि त्या तयारीत जबडे, विषदंत, इतकंच काय पण चोषक पंपाचं अस्तरसुद्धा बदलतं. म्हणून खाणं बंद. रंग फिका पडतो, पोट काळपट चकचकीत होतं. मग एका रात्री तो रेशमाची चटई विणतो आणि पाठीवर उताणा पडतो.

उताणा पडलेला कोळी म्हणजे मेलेला कोळी, असं समजून पुष्कळांनी जिवंत टॅरँटुला कचऱ्यात टाकले आहेत. मरणारा टॅरँटुला सहसा पाय खाली आखडून बसल्या जागी जातो. उताणा पडलेला कात टाकत असतो. त्याला हात लावायचा नाही, फुंकर घालायची नाही, पेटी हलवायची नाही. काही तासांत जुन्या कातडीतून तो पाय मोज्यासारखे ओढून काढतो. त्या वेळी पेटीत राहिलेला एक भुकेला रातकिडा त्या मऊ, असहाय जिवाला कुरतडून मारू शकतो. शिकारी आणि शिकार यांच्या जागा अशा एका रात्रीत बदलतात. त्यामुळे न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी काढणं हा भरवण्याइतकाच महत्त्वाचा नियम. कात टाकल्यावर विषदंत पांढरे असतात. ते काळे, कडक होईपर्यंत, म्हणजे मोठ्या कोळ्याला दहाएक दिवस तरी, खाणं द्यायचं नाही.

कातीशिवायचे उपवासही असतात. चिलीचा गुलाबी टॅरँटुला महिनोन् महिने न खाता राहण्याबद्दल प्रसिद्ध आहे. ज्या प्राण्याचा दिवसाचा खर्च नगण्य, त्याला घाई कसली? मादी पंधरा-वीस वर्षं सहज जगते. याच्या दूरच्या भावकीतली, ऑस्ट्रेलियात बिळात राहणारी एक कोळीण संशोधकांनी १९७४ पासून ‘क्रमांक १६’ म्हणून नोंदवली होती. २०१६ मध्ये तिचं बीळ रिकामं सापडलं, तेव्हा ती ४३ वर्षांची झाली होती. तिला वार्धक्याने नाही, गांधीलमाशीने नेलं असावं, असा अंदाज आहे.

यवतमाळसारख्या ठिकाणी कोळ्याच्या ताटात आणखी एक गोष्ट येते, जिचा युरोपातल्या पुस्तकांत उल्लेख नसतो. हा कपाशीचा जिल्हा. २०१७ च्या हंगामात इथे फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो लोक दवाखान्यांत दाखल झाले. त्या फवारण्यांत वापरली जाणारी ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं मज्जातंतूंमधले संदेश थांबवणारं विकर निकामी करतात. माणसात, बोंडअळीत आणि कोळ्यात हे यंत्र मुळात सारखंच आहे. फरक वजनाचा. फवारलेल्या पऱ्हाटीतला नाकतोडा एका दिवसात मरतोच असं नाही. तो सुस्त होतो, उडी मारत नाही, हाताने सहज सापडतो. कोळ्यासाठी वावरातून किडे गोळा करणाऱ्याच्या हाती नेमका हाच किडा लागतो. काही ग्रॅम वजनाच्या कोळ्याला त्यातलं अंशभर विषही पुरतं. चाल अडखळते, पाय थरथरतात, आणि उपाय काही नसतो. म्हणून भक्ष्य घरी वाढवलेलं हवं. डब्यात गाजर-भोपळ्याच्या फोडींवर रातकिडे वाढतात, कोंड्यात भुंगेऱ्याच्या अळ्या वाढतात. मुंग्या-झुरळांसाठीचा खडू, डासांचा फवारा हेही त्या खोलीत नको. झुरळ मारणारं औषध कोळ्याला झुरळापासून वेगळा ओळखत नाही.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४२-४५ अंशांवर जातो. जंगलातला कोळी तेव्हा दोन-तीन फूट खोल मातीत, गारव्यात असतो. कित्येक जाती बिळाचं तोंड रेशमाने आणि मातीने बंद करून घेतात. काचेच्या पेटीला तो पर्याय नसतो. खिडकीजवळ ठेवलेली पेटी दुपारी भट्टी होते. ज्याला विंचरणीपासून खरकट्यापर्यंत सगळं सांभाळता येईल, पण मेच्या दुपारी वीज गेल्यावर पेटी कुठे ठेवायची हे सांगता येणार नाही, त्याने या वाटेला न गेलेलं बरं.

चावलाच तर? टॅरँटुलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीची नोंद वैद्यकीय साहित्यात नाही. २०१२ मध्ये आसामच्या सदिया भागात मोठ्या कोळ्यांनी लोकांना चावल्याच्या आणि दोघं मेल्याच्या बातम्या देशभर गाजल्या होत्या. ते मृत्यू कोळ्याच्या विषानेच झाले हे कधी सिद्ध झालं नाही. काही रुग्णांना मांत्रिकाकडे नेऊन जखमा ब्लेडने कापल्या गेल्या होत्या, हे मात्र बातम्यांत आलं होतं. कुत्र्यांचं वेगळं. ऑस्ट्रेलियात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टॅरँटुला चावलेली सातही कुत्री मेली, आणि चावा बसलेल्या माणसांना मात्र मुख्यतः वेदना आणि सूज एवढाच त्रास झाला. घरात कुत्रं असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी.

बहुतेक टॅरँटुलांचा दंश गांधीलमाशीच्या जवळपासचा. पोइसिलोथेरिया त्याला अपवाद. त्यांच्या दंशानंतर स्नायूंत जोरदार पेटके येतात, कधी दंश झाल्यावर काही तासांनी सुरू होतात आणि दिवसचे दिवस अधूनमधून परततात, असं युरोपात पाळीव कोळी चावलेल्या लोकांच्या नोंदींवरून दिसतं. जखम साबण-पाण्याने धुणं, अवयव स्थिर ठेवणं, थंड शेक, धनुर्वाताची लस झाली आहे का हे बघणं आणि पेटके, धाप किंवा छातीत दुखणं वाटलं तर दवाखाना. कापणं, चोखणं, करकचून बांधणं नाही. सापाच्या विषावरची लस इथे उपयोगाची नाही. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी बनवलेली आहे.

उलट चूक अधिक महागात पडते. रात्री झोपेत काहीतरी चावल्यासारखं वाटलं, दिव्यात काही दिसलं नाही, खूणही धड नाही, म्हणजे ‘कोळी-बिळी असेल’ असं म्हणून पुन्हा झोपणं. मण्यारीचा दंश अनेकदा दुखत नाही आणि खूण जेमतेम उमटते. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं घोगरं होतं, तोवर वेळ गेलेला असतो. टॅरँटुलाचे विषदंत मोठे असतात. त्याचा दंश झोपलेल्याला उठवतो. लाल विंचवाचंही तसंच. त्याची वेदना लपत नाही, पण खरा घाला हृदयावर पडतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं, तेव्हापासून कोकणातले मृत्यू खाली आले. अंगावर उठलेल्या पुरळाला ‘कोळी मुतला’ म्हणण्याची पद्धतही अशीच. पावसाळ्यात दिव्याला येणारा एक लहान लाल-काळा किडा अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजते, आणि कधी ती नागीण असते. कोळ्याचा त्यात काही हात नसतो.

त्याच्या विषाने माणसाला दिलेलं काही असेल तर ते प्रयोगशाळेत. झणझणीत मिरची खाल्ल्यावर तोंडात जी आग होते ती मज्जातंतूंवरच्या एका विशिष्ट ग्राहकामुळे. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो १९९७ मध्ये शोधला. याच गटाने २००६ मध्ये दाखवलं की त्रिनिदादच्या एका टॅरँटुलाच्या विषातले रेणू नेमका तोच ग्राहक चेतवतात. म्हणजे भिवापुरी मिरचीने आणि या कोळ्याने ‘मला खाऊ नको’ हे सांगायला एकच बटण निवडलं. ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. वेदनेचे संदेश थांबवणारे रेणू टॅरँटुलांच्या विषात शोधण्याचं काम आजही चालू आहे.

पाळायचाच म्हटलं तर कायदा बघावा लागतो. २०१९ मध्ये पोइसिलोथेरिया कोळी ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले. या करारातल्या प्राण्यांना २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत जागा मिळाली. असा जिवंत प्राणी जवळ असेल तर त्याची नोंदणी करणं बंधनकारक आहे, आणि २०२४ मध्ये त्यासाठीचे नियम निघाले. टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्यातून कोळी काय, कोणताही वन्यजीव उचलून आणणं हा सरळ गुन्हा आहे. बाकी, जंगलातून खणून काढलेली मादी पेटीत टिकली तरी तिचं बीळ पुन्हा कोणी भरत नाही. तिला वयात यायलाच काही वर्षं लागलेली असतात.

ओसरीतल्या पाहुण्याला पेटी लागत नाही. तोंड मोठं असलेला डबा त्याच्यावर हळूच पालथा घालायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा आणि घरामागे धुऱ्याच्या बाजूला, न फवारलेल्या गवतात नेऊन सोडायचं. हात वापरायचा नाही, घाई करायची नाही. तो डब्यातून निघायला पाच मिनिटंही घेईल, कारण आधी जमिनीची थरथर शांत व्हावी लागते. मग अंधारात निघेल. त्याला मादी सापडली तर बिळाच्या तोंडाशी तो पायांनी रेशमावर ठोके देईल. आतून उत्तर आलं तर जवळ जाईल. बहुतेक नर पुढचा पावसाळा बघत नाहीत. मादी मात्र त्याच बिळात पुढच्या मृगालाही असेल, आणि मधल्या वेळात तिने कदाचित वीस-पंचवीस किडे खाल्लेले असतील.